खुर्चीखालची अंडी

एका जंगलात, मुलांनो, इतकी थंडी पडायची की तळ्याचं पाणी गोठायचं आणि घरट्यातली अंडी तडकायची. हसू नका. तडकलेलं अंडं बघितलंय का कधी? मग गप्प ऐका.

त्या जंगलात चंद्री नावाची कोंबडी होती. गेल्या हिवाळ्यात ती दाणे टिपायला म्हणून जरा उठली, तेवढ्यात तिची सगळी अंडी गोठली. बिचारी फार रडली. यंदा पुन्हा अंडी उबवायला खुडूक बसली, तेव्हा तिनं ठरवलं, काही झालं तरी पिल्लं बघायचीच.

पण भूक लागायची थांबते होय? उठलं तर अंडी जाणार, बसलं तर आपण जाणार.

अंडी गवतानं झाकून ती धावतच जंगलाच्या अध्यक्षांकडे गेली. अध्यक्ष होते झुपकेराव अस्वल. चांगलं जाडजूड, केसाळ.

"साहेब, थंडीचं काहीतरी करा," चंद्री म्हणाली.

"केलंय की!" झुपकेराव म्हणाले. "कालच थंडीचा जाहीर निषेध केला. एकमतानं!"

पण चंद्रीचं लक्ष दुसरीकडेच गेलं होतं. झुपकेराव बसले होते ते एक पोकळ खोड होतं. त्यालाच सगळे खुर्ची म्हणायचे. आणि त्या खुर्चीवरून झुपकेराव कधीच उठत नसत. जेवण तिथंच, झोप तिथंच. आपण उठलो आणि दुसरं कुणी बसलं तर? या धास्तीनं ते अंघोळसुद्धा करत नसत. शी काय! तुम्ही तरी कुठं रोज करता?

चंद्रीनं खोडाच्या मागच्या भोकातून हळूच आत डोकं घातलं. अहाहा! आत कशी छान ऊब होती.

झालं. एकेक करून तिनं सगळी अंडी आत नेली, खाली गवत पसरलं. मग काय, पोटभर दाणे टिपायची आणि मागून जाऊन अंडी फिरवून यायची. झुपकेरावांना पत्ताच नाही.

आता खुर्चीवर डोळा असलेलं एक साळिंदर होतं. टोचणकर त्याचं नाव. "झुपकेराव, खुर्ची सोडा!" असं ते रोज ओरडायचं. कुणी लक्ष द्यायचं नाही. पण एकदा भर सभेत त्यानं नामी युक्ती काढली. गळा दाटून आल्यासारखं करून ते म्हणालं,

"गेल्या वर्षी गोठलेल्या अंड्यांना श्रद्धांजली म्हणून आपण सर्वजण दोन मिनिटं उभे राहू या."

सगळे उभे राहिले. आता अध्यक्षांना बसून कसं चालेल? झुपकेराव नाइलाजानं कण्हत उठायला लागले. बोचरा वारा सुटला होता. चंद्रीच्या काळजाचं पाणी झालं.

"बसा!" ती किंचाळली. "साहेब, तुमच्या पाया पडते, उठू नका!"

सभा चाट पडली. झुपकेरावांचे डोळे भरून आले.

"बघा," ते म्हणाले, "जिची अंडी गेली ती आईच म्हणतेय बसा. आता मी उठलो तर तिच्या भावनांचा अपमान होईल."

आणि ते पुन्हा फतकल मारून बसले. बाकीचे दोन मिनिटं कुडकुडत उभे राहिले. टोचणकर सर्वांत जास्त कुडकुडलं. बरी जिरली!

पुढं एका सभेत खुर्चीखालून चिवचिव ऐकू आली.

"अध्यक्षांच्या बुडाखाली काहीतरी शिजतंय!" टोचणकर ओरडलं.

झुपकेराव घाबरून ताडकन उठले. भोकातून पिवळीधमक पिल्लं बाहेर आली. चंद्रीला आनंदानं धड ओरडताही येईना. झुपकेरावांनी खाली बघितलं, वर बघितलं, आणि छाती फुगवली.

"बंधू-भगिनींनो, मी इतके दिवस का बसलो होतो, ते आता कळलं ना?"

टाळ्याच टाळ्या! झुपकेराव बराच वेळ टाळ्या घेत राहिले. मग बसायला मागं वळले, तर खुर्चीवर पिल्लं बसलेली.

"चला रे घरी," चंद्री म्हणाली.

"आम्ही नाही येणार," सगळ्यांत धाकटं पिल्लू म्हणालं. "आम्ही उठलो तर जनतेला ऊब कोण देणार?"

आपल्याच पोटचं हे, चंद्रीला खरं वाटेना.

"अरे, मग मी कुठं बसू?" झुपकेराव रडकुंडीला आले.

"उभे राहा," पिल्लू म्हणालं. "दोनच मिनिटं."

झुपकेराव अजून उभेच आहेत.

तात्पर्य : खुर्चीला चिकटून बसणाऱ्याला कधीही नावं ठेवू नयेत, तो कुणाची ना कुणाची अंडी उबवत असतो. त्यानं मात्र खालून चिवचिव ऐकू आली तरी उठू नये.