दगडूमामांची होडी विकणे आहे

दुष्काळात गावातली माणसं आंघोळ टाळायची आणि आमचे दगडूमामा ती होडीत बसून करायचे. अंगणात कडुलिंबाखाली दोन ओंडक्यांवर होडी ठेवलेली. तिच्यात मामा, कमरेला पंचा, एक तांब्या स्वतःच्या डोक्यावर, दुसरा फळ्यांवर. टँकर आला की मामी बादली घेऊन धावायची आणि त्यातली अर्धी बादली या होडीच्या पोटात जायची.

"लाकूड वाळलं की फटी पडत्यात," मामा पाठीला साबण लावत मला समजावायचे. "माणूस वाळला तरी चालतंय, पाऊस आला की भरून निघतो. फळी वाळली का गेलीच."

ही होडी आमच्या घरात लग्न होऊन आलेली नाही. वडवणीच्या अलीकडं मामांचं गाव. तिथल्या तलावात पाणी होतं तेव्हा गावानं मच्छीमार सहकारी संस्था काढली आणि मामा चेअरमन झाले. मग ओळीनं कोरडी वर्षं आली. तलावात पोरं क्रिकेट खेळू लागली. सभासद एकेक करून पुण्याला, चाकणला, कुठं कुठं निघून गेले. शेवटच्या सभेत होडी चेअरमनच्या नावावर करण्याचा ठराव झाला आणि संस्था मिटली.

संस्था मिटली, पण चेअरमनकी मामांच्या तोंडातून गेली नाही. घरात चहा हवा असला तरी ते ओट्यावरून म्हणणार, "चहा करण्यात यावा. सूचक मी. अनुमोदक कोण?"

"अनुमोदन," मामी आतून शिवी दिल्यासारखी म्हणायची. त्याशिवाय हा माणूस चहा पीत नसे. माझ्या लग्नात अंतरपाट खाली आल्याबरोबर यांनी मुलीकडच्यांना अनुमोदक विचारला होता. सासरेबुवांनी घाबरून हात वर केला. तो ठराव आमच्या घरात अजून अमलात आहे, पण बायको म्हणते, सभासदांना विचारायला हवं होतं.

यंदा पाऊस चांगला झाला, तलाव काठोकाठ भरला आणि होडी पाण्यात गेली. मामीनं मात्र मामांना बजावलं, "आता ती इका. पुढल्या उन्हाळ्यात ती अंगणात आली तर मी माहेराला जाईन. माझे गुडघे गेले बादल्या वाहून वाहून."

मामीच्या गुडघ्यांपुढं मामांचं काही चालत नाही. 'होडी विक्रीस काढण्यात यावी' असा ठराव झाला आणि ती विकण्याजोगी करण्यासाठी माझी नेमणूक झाली. मी बीडला कारकून. रविवारी मोकळा असतो आणि मामांच्या मते इतर वारीसुद्धा.

पहिल्याच रविवारी मी होडीतल्या मधल्या फळीवर माझी पिशवी ठेवली.

"तिथं न्हाई," मामा म्हणाले. "तिथं रामा बसतो."

संस्थेचा सभासद रामा पुण्याला वॉचमन होऊन कैक वर्षं झाली होती. मी पिशवी उचलून गळ्यात अडकवली.

कामं सोपी होती. होडी काठावर ओढून जुना रंग खरवडायचा, फटींत कापूस ठासायचा, वरून डांबर ओतायचं आणि मग नवा निळा रंग. मी कडेवर मोठ्या अक्षरांत 'विकणे आहे' असं रंगवलं, दोन पावलं मागं जाऊन कौतुकानं पाहिलं आणि थकून त्या ओल्या अक्षरांवरच बसलो. त्या संध्याकाळी बीडच्या एसटीत माझ्या मागं उभ्या असलेल्या लोकांची चांगली करमणूक झाली.

काम पुढं सरकत नव्हतं ते मात्र माझ्यामुळं नव्हे, पक्ष्यांमुळं. फटीत कापूस घालता घालता मामांचा हात थांबायचा. तलावातले सगळे पक्षी त्यांनी संस्थेत भरती करून घेतले होते. खुंटावर पंख वाळवत बसलेला पाणकावळा म्हणजे ऑडिटर. एका पायावर उभा राहून काही न करणारा आणि मधेच एकदम गिळणारा बगळा म्हणजे सेक्रेटरी. टिटवी विरोधी गटाची. आणि थंडीत दुरून येऊन मधोमध उतरणारी चक्रवाकांची जोडपी म्हणजे संचालक मंडळ.

"सपत्नीक दौऱ्यावर आलंय," गळती तपासायला फेरी मारताना मामा कुजबुजायचे. "वल्हं हळू मार. भत्ता घेतल्याबिगर उठायचे न्हाईत."

समोरच्या काठावर हरणं पाण्याला उतरायची. मामा होडी थांबवायचे आणि ती पाणी पिऊन जाईपर्यंत मला खोकूसुद्धा द्यायचे नाहीत.

होडीला गिऱ्हाईकं येऊ लागली. मामा प्रत्येकाला तलावाच्या मधोमध न्यायचे आणि तिथं खरं सांगायचे. "ही फळी गळती हाय. ही आज गळत न्हाई, पण गळंल. तुमाला पवता येतं ना?" माणूस कड घट्ट धरायचा. त्यातूनही कोणी टिकला तर परीक्षेचा शेवटचा प्रश्न यायचा, "दुष्काळ पडल्यावर हिला काय पाजणार?"

"पालथी घालून ठेवू की," बहुतेक जण म्हणायचे. मामा होडी काठाला लावायचे. होडी बघायला आलेला माणूस पक्षी बघून गावी जायचा.

मग उमापूरकडचे एक गृहस्थ आले. मिश्या पांढऱ्या, बोलणं कमी. गळती त्यांनी स्वतःच बोट घालून बघितली. काठावर उतरल्यावर मामांनी शेवटचा प्रश्न टाकला.

"पाजायचं काय त्यात," ते म्हणाले. "हिच्यातच बसून आंघोळ करीन."

मामांचा चेहरा पडला. इतकं बरोबर उत्तर कोणी देईल अशी त्यांची अपेक्षा नव्हती. "एक फेरी मारून येतो," एवढंच म्हणून ते एकटेच वल्हं घेऊन निघाले.

होडी खरंच जाते की नाही हे बघायला मामी चहाची किटली घेऊन तलावावर आली होती. आम्ही तिघं काठावर उभे राहिलो. पाण्यावरून आवाज स्पष्ट येत होता.

"किसन, जरा सरक. मान खाली घे, बाभळ लागंल. रामा, डाव्या अंगाला बघ, संचालक उतरले." प्रत्येक वाक्यानंतर मामा थांबत होते, समोरच्याला उत्तर द्यायला जेवढा वेळ लागतो तेवढाच.

"कुणाशी बोलतेत हे?" मामीनं विचारलं.

"सभासदांशी," मी म्हणालो, आणि माझ्या पिशवीची गोष्ट तिला सांगितली.

मामीनं किटलीतला चहा पाहुण्यांच्या कपात ओतला, पण नजर पाण्यावर. "अंगणातबी होडीत बसून असंच पुटपुटायचे," ती म्हणाली. "मला वाटायचं, आंघोळीचे मंत्र म्हणतेत."

मामा काठाला आले. खाली उतरले नाहीत. घसा साफ करून म्हणाले, "ही होडी उमापूरच्या पावण्यांना देण्यात यावी. सूचक मी. अनुमोदक कोण?"

आता आपल्यालाच हात वर करावा लागणार असं वाटून मी तो उचलायला गेलो, तर मामीनं माझ्याकडं असं बघितलं की तो मी डोकं खाजवायला वापरला. तिनं किटली माझ्या हातात दिली, पदर खोचला आणि चिखलातून सरळ होडीत चढली. आजवर तिनं त्या होडीत पाऊल ठेवलं नव्हतं. मधल्या फळीवर जाऊन बसली.

"तिथं..." मामांनी तोंड उघडलं आणि मिटलं.

"होडी इकण्यात येऊ नये," मामी म्हणाली. "सूचक मी."

मामा नखातलं डांबर काढत राहिले. ते बरंच असावं.

"अनुमोदन," ते शेवटी म्हणाले. हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला.

उमापूरचे पाहुणे रागावतील असं मला वाटलं. त्यांनी कपातला चहा संपवला आणि धोतर वर घेतलं. "एवढ्या लांबून आलोय," ते म्हणाले, "एक चक्कर तर मारू द्या." ते चढले. त्यांच्यामागं मीही, दोन्ही कडा दोन्ही हातांनी धरून.

तलावाच्या मध्यावर मामीच्या पायाशी पाणी साठू लागलं. फळीखाली एक जुना तांब्या होता. तो घेऊन ती उपसायला लागली. "दुष्काळात घालायचं मी," ती म्हणाली, "आन् आता काढायचंबी मीच."

"रामा असंच कुरकुरायचा," मामा म्हणाले. मग सवयीनं, वल्हं न थांबवता, "डाव्या अंगाला बघ."

"कुठं?" मधल्या फळीवरून लगेच उत्तर आलं. "मला तर काई दिसंना."

मामांनी वल्हं मांडीवर घेतलं आणि बोटानं नीट दाखवायला लागले.