रघोत्तमराव नापास करतात

रघोत्तमराव आमच्या घरी पहिल्यांदा आले, तेव्हा आत येण्याआधी त्यांनी शर्टाच्या खिशातून सुताराचा काटकोन तपासायचा छोटा गुण्या काढला, आमच्या दाराच्या चौकटीच्या कोपऱ्यात बसवला, एक डोळा मिटून पाहिलं आणि म्हणाले, “नो-गो.”

मग त्यांनी नमस्कार केला.

माझी बदली चेन्नईला होऊन तेव्हा जेमतेम आठवडा झाला होता. सामान निम्मं खोक्यांतच होतं. विल्लिवाक्कमच्या त्या गल्लीत कोणी मराठी बोलणारं भेटेल अशी आम्हाला आशा नव्हती. आणि हा पंचावन्नच्या पुढचा, वेष्टी नेसलेला, कपाळावर उभी रेघ ओढलेला माणूस दारात उभा राहून सांगत होता, “मी रघोत्तमराव. बाजूसच असतों. मराठी माणसं आली म्हणून ऐकलों, पाहायास आलों.” कित्येक पिढ्यांपूर्वी तंजावरला गेलेल्या घराण्यातली ती मराठी. शब्द जुन्या पत्रांतले आणि हेल पुरता तमिळ. माझी बायको नंदा नंतर म्हणाली, “बखर वाचून दाखवल्यासारखं बोलतात.”

नंदाने त्यांना इडली दिली. चेन्नईत आल्यावर केलेली तिची ती पहिली इडली होती. त्यांनी ती बोटावर तोलली, प्रकाशाकडे धरली. “मधें फुगली, कडेस बसली. नो-गो,” म्हणाले, आणि सहा खाल्ल्या.

हे ‘नो-गो’ त्यांच्या कारखान्यातलं. आवडी नावाच्या उपनगराच्या बाजूला संरक्षण खात्याचा एक कारखाना होता, तिथे ते तपासनीस होते. तयार झालेला प्रत्येक सुटा भाग त्यांच्या टेबलावर यायचा. त्यांच्याकडे एक पोलादी माप असे, त्याला ते गेज म्हणत. गेजचं एक टोक भोकात गेलं पाहिजे आणि दुसरं जाता कामा नये. तसं झालं तर ‘गो’, नाहीतर ‘नो-गो’ आणि तांबडा शिक्का. तीस वर्षं ते हेच करत होते. “मज पगार कशाचा?” ते विचारत, आणि आपणच उत्तर देत, “नको म्हणण्याचा.”

लग्नाचं विचारलं तर म्हणाले, “तेरा मुली पाहिलों.”

“आणि तेराही नो-गो?” नंदाने विचारलं.

“मी नव्हें. त्याच मज म्हणाल्या.”

घरात ते एकटेच. पण घर म्हणजे खालच्या दोन खोल्या नव्हेत. खरं घर गच्चीवर, पत्र्याच्या छपराखाली. तिथे रंधे होते, पटाश्या होत्या, भिंतीवर करवती चढत्या भाजणीने टांगलेल्या होत्या. शहरातली जुनी घरं पाडून फ्लॅट बांधायचा तो काळ होता. कुठे घर पडतंय कळलं की रघोत्तमराव सायकलीवरून जाऊन बर्मा सागवानाच्या चौकटी घेऊन येत. कारखान्यात सहा दिवस ते लोखंडाला नको म्हणत आणि रविवारी लाकूडकाम करत. आणि दर रविवारी सकाळी नऊ वाजता त्यांच्या गच्चीवर तीन माणसं शिकायला येत.

या माणसांचा एकमेकांशी काडीचा संबंध नव्हता. कार्तिक शोळिंगनल्लूरच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचा. वाकडं कापलं की त्याचा डावा हात नकळत ‘मागे घ्या’चं बटण शोधायचा. “लाकडास तें बटण नाही, पा,” रघोत्तमराव त्याला सांगत. एळुमलै गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यात बॉयलरवर फोरमन होता. तळहात पाटासारखा, आवाज भोंग्यासारखा, आणि हा माणूस करायचा काय, तर बाहुल्यांचे पाळणे. वीतभर लांबीचे. तिसऱ्या डॉक्टर वसंता. दाताच्या डॉक्टर, पन्नाशीच्या, अण्णा नगरला दवाखाना. त्यांचे सांधे इतके घट्ट बसत की मधून कागद जात नसे.

रघोत्तमरावांचा एक सिद्धांत होता. माणूस पोटासाठी जे करतो ते त्याच्या लाकडात उतरतंच. त्यामुळे कोणाला शिकवायला घेण्याआधी ते त्याच्या कामाच्या जागी जाऊन त्याचे हात पाहून येत. डॉक्टर वसंतांच्या दवाखान्यात ते दोन तास बसून होते आणि ‘कोणता दात?’ विचारल्यावर ‘दात बरे आहेत, हात पाहायास आलों’ म्हणाले होते. कार्तिकच्या कंपनीत त्यांना फाटकावरच अडवलं, तेव्हा त्यांनी फाटकाच्या बिजागऱ्या तपासल्या आणि पहारेकऱ्याला नापास केलं.

मला शिकायचं नव्हतं. पण एका सोमवारी ते रजा काढून माझ्या बँकेच्या कार्यालयात येऊन बसले. मी राजभाषा अधिकारी. म्हणजे चेन्नईतल्या बँकेत हिंदीचा वापर किती वाढला, याचे अहवाल हिंदीत लिहायचे. तासभर त्यांनी माझ्याकडे टक लावून पाहिलं.

“हे लिहितां तें कोण वाचतें?”

“दिल्लीला जातं.”

“दिल्लीस कोण वाचतें?”

मी अहवालाचं पान उलटलं.

“रविवारीं या,” ते म्हणाले. आवाजात कधी नव्हे ती कणव होती.

असा मी चौथा झालो. सहा महिन्यांत मी एक खण केला. तो आत जायचा नाही, गेला की बाहेर यायचा नाही. गेजच्या दोन्ही टोकांनी मी नापास झालो. रघोत्तमरावांनी खण उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, “हा सरकारी आहे.”

त्यांच्याकडून ‘गो’ ऐकायला मिळणं ही गच्चीवरची मोठी गोष्ट होती. एळुमलैला दोन वर्षांत तीनदा मिळालं होतं, कार्तिकला एकदा. डॉक्टर वसंतांना जवळजवळ दर महिन्याला मिळे, आणि त्या तेवढ्याच बेफिकिरीने “थँक्स, राव सार” म्हणून लाकडाचा भुसा झटकत.

दुसऱ्या वर्षी पावसाळ्याच्या सुमाराला माझ्या लक्षात आलं की रघोत्तमराव डॉक्टरांच्या सांध्यांबद्दल काहीच बोलत नाहीत. ना गो, ना नो-गो. तुकडा हातात घेत, बोट फिरवत, खाली ठेवत. माझा खण मात्र नेहमीसारखा झोडपून काढत. मला वाटलं, बाईमाणूस म्हणून भीड पडत असेल. पण तेरा मुलींना गुण्या लावून पाहिलेला माणूस तो, त्याला भीड कुठली?

एके दिवशी संध्याकाळी ते म्हणाले, “देवधर, मजसंगें दाताच्या दवाखान्यास चला.”

“दुखतोय का?”

“नाही.”

त्यांना दाढेतलं जुनं सिमेंट काढून नवीन भरून घ्यायचं होतं. डॉक्टर म्हणाल्या, जुनं चांगलं आहे. हे म्हणाले, मला नवीन पाहिजे. शेवटी त्या हसल्या आणि तयारीला लागल्या. मी कोपऱ्यात स्टुलावर बसलो. रघोत्तमरावांनी आ वासला आणि डोळे मात्र टक्क उघडे ठेवले. डॉक्टरांनी मनगट त्यांच्या हनुवटीवर टेकवलं आणि आरसा तोंडात घातला. खोलीत शांतता होती. त्या शांततेत आरसा दातावर बारीक वाजत होता. टिक्‌, टिक्‌, टिक्‌. मदतनीस मुलगी कापसाचे बोळे धरून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होती.

“एसी फार थंड झालाय,” डॉक्टर म्हणाल्या.

काम झालं. दाढ नीट भरली गेली, पण वेळ दुप्पट लागला आणि गालाला आतून एक ओरखडा आला. रघोत्तमराव बस थांब्यापर्यंत माझ्या पुढे चालत गेले. एक गाल सुजलेला, त्यावर रुमाल धरलेला. मग म्हणाले, “गेजास सोपें असतें. बसतें, नाहीतर बसत नाही. त्यास तोंड उघडून सांगावें लागत नाही.”

पुढच्या रविवारी कार्तिक आणि एळुमलै गेल्यावर ते खाली जाऊन दोन तुकडे घेऊन आले. मी खणाला पॉलिश पेपर घासत होतो, मला कोणी जा म्हटलं नाही. त्यांनी ते तुकडे डॉक्टरांसमोर बाकावर ठेवले. दोन्ही डॉक्टरांनीच केलेले सांधे. एक पहिल्या वर्षाचा, एक गेल्या महिन्यातला.

डॉक्टरांनी दोन्ही उचलून पाहिले. आयुष्यभर केसाएवढ्या भेगा शोधणारे डोळे ते. त्यांना काही समजावून सांगायची गरज नव्हती.

“कधीपासून माहीत होतं?” त्यांनी तमिळमध्ये विचारलं. एव्हाना मला तमिळ समजू लागलं होतं, बोलता येत नव्हतं.

“आडी महिन्यापासून.” म्हणजे जुलैपासून.

“मला त्याच्या चार महिने आधीपासून,” त्या म्हणाल्या.

रघोत्तमरावांनी हात जोडले. “डॉक्टर अम्मा, दाताचं काम आता नको.”

एवढंच. ‘नो-गो’ हा शब्द त्यांनी वापरला नाही. तरी डॉक्टर ताडकन उठल्या. “तुम्ही कोण मला सांगणार? सव्वीस वर्षं हे हात... तुम्ही लोखंडाची भोकं तपासता, भोकं!” त्यांनी पर्स उचलली. जिन्यावरून उतरताना त्यांनी कठडा धरला होता, हे आम्हा दोघांनाही दिसलं.

त्यानंतर तीन रविवार त्या आल्या नाहीत.

त्या तीन रविवारी रघोत्तमरावांनी कोणालाही नापास केलं नाही. कार्तिकने एक फळी चक्क तिरकी कापली, तरी ते “सरि, सरि”, म्हणजे ‘बरं, बरं’, म्हणाले. एळुमलैने मला बाजूला घेऊन, त्याच्या मते हळू आवाजात, विचारलं, “सारांना काही होतंय का?” ते गल्लीतही ऐकू गेलं असावं. रघोत्तमराव आपल्या बाकावर पाठ करून काहीतरी घडवत होते. सागाचा मुठीएवढा ठोकळा, त्यात पात्याएवढी फट. करायचे, करवत घालून पाहायचे, बाजूला टाकायचे. शेजारी टाकलेल्या ठोकळ्यांचा ढीग झाला. मी विचारलं तेव्हा म्हणाले, “कांही नाही. लाकूड फुकट घालवतों.”

चौथ्या रविवारी नऊला दहा मिनिटं असताना डॉक्टर वसंता जिना चढून आल्या. बसल्या, घोटभर पाणी प्यायल्या आणि आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, “मेंदूच्या डॉक्टरांना दाखवलं. औषध सुरू झालंय, पण हात पूर्वीसारखा होणार नाही म्हणाले. दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण ठेवली आहे. हातात हत्यार तिच्या. मी फक्त पाहते आणि सांगते.” मग रघोत्तमरावांकडे वळून म्हणाल्या, “म्हणजे आता मीही तपासनीस. लाकूड द्या.”

रघोत्तमरावांनी लाकूड दिलं आणि तो ठोकळा दिला. तो फळीवर आवळून बसवायचा, फटीत करवत घालायची, की पातं दोन्ही बाजूंनी धरलं जाई. हात हलला तरी पात्याला हलायला जागा नसे. डॉक्टरांनी करवत चालवली. अर्ध्यावर थांबल्या, पुन्हा चालवली. तुकडा खाली पडला. रघोत्तमरावांनी गुण्या लावला.

“हात कापला तर कापो,” ते मराठीत पुटपुटले. “लाकूड सरळ कापलें कीं झालें.”

“काय म्हणतात?” डॉक्टरांनी मला विचारलं. मी इंग्रजीत सांगू लागलो आणि अडकलो. हाताचं थरथरणं आणि लाकडाचं चिरणं मराठीत ‘कापणं’ या एकाच शब्दात बसतं, इंग्रजीत बसेना. भाषांतर हा माझा पगारी धंदा होता. शेवटी मी म्हणालो, “चांगलं आहे म्हणतात.” त्यांनी मान हलवली आणि दुसरा तुकडा घेतला.

दुपारी सगळे गेले. रघोत्तमराव गच्चीच्या कठड्याशी उभे राहून डॉक्टरांची रिक्षा कोपऱ्यावरून वळेपर्यंत पाहत होते. मी भुसा झाडत होतो.

“कारखान्यांत मी कोणासंगें जेवत नाही,” ते एकदम म्हणाले. “तीस वर्षें. ज्याचं काम तपासणें, त्याचा डबा खाणें बरें नव्हें. पहिल्यानें मीच तसें ठरवलों. मागाहून कोणी बोलावलेंही नाही.” कठड्यावरचा भुसा बोटाने पुसत म्हणाले, “ज्यास ज्यास मी नको म्हटलों, तो पुन्हा मजकडे आपण होऊन आला नाही. ही बाई आली.”

मी केरसुणी कोपऱ्यात ठेवली.

“पुढल्या रविवारीं येतें म्हणाली?” त्यांनी विचारलं.

“म्हणाल्या की.”

“नऊस?”

“नऊला.”

आम्ही जिना उतरलो. खाली पोचल्यावर, दार लावायच्या आधी, त्यांनी मला पुन्हा एकदा विचारलं, “नऊसच म्हणाली ना?”