अघोरनाथ तलापात्र यांची रॅमखरेदी

हे कुणाला पटणार नाही, पण उत्तर कोलकात्यात एक माणूस असा आहे, जो नुसत्या चपलेकडे बघून सांगू शकतो, की ही चप्पल आहे.

अघोरनाथ तलापात्र त्यांचं नाव. ते स्वतःचं वर्णन असं करत: नजर घारीची, नाक मुंगसाचं, पावलं मांजराची आणि मेंदू असा, की तसला पुन्हा झाला नाही. बघणाऱ्याला मात्र टक्कल, चष्मा, मिशी आणि बारमाही सर्दी एवढंच दिसे. त्यांच्या कार्डावर ‘रहस्यभेदी. कमालीची गुप्तता पाळली जाईल’ असं छापलेलं होतं आणि ते कार्ड गल्लीतल्या मासेवाल्यापासून पुरोहितापर्यंत सगळ्यांच्या घरी होतं. तरी सगळे त्यांना घोंतूदा म्हणत. लहानपणी पडलेलं नाव वयाच्या पासष्टीतही उतरत नाही, हे एक रहस्य त्यांना अजून भेदता आलेलं नव्हतं.

त्यांची सगळी नोकरी एका बस कंपनीच्या हरवलेल्या सामानाच्या खोलीत झाली. तिथं आपण हजारो छत्र्या शोधून काढल्या, असं ते सांगत. छत्र्या खरं तर कंडक्टर आणून देत आणि मालक येऊन घेऊन जात. अघोरनाथ मधल्या टेबलामागे बसलेले असत.

असल्या माणसाचा साहाय्यक होणं हे पोल्टूच्या नशिबी होतं, कारण तो त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ होता आणि त्यांच्याच घरात खालच्या खोलीत राहत होता. गेल्या वर्षभरात त्यानं जामाईबाबूंच्या, म्हणजे या बहिणीच्या नवऱ्याच्या, सांगण्यावरून दूधवाल्याचा पाठलाग केला होता, एका निरपराध टपालपेटीवर पाळत ठेवली होती आणि तोंडातून चकार शब्द काढला नव्हता. फुकटचं जेवण माणसाला फार सोशिक बनवतं.

तर त्या भाद्रपदात, विश्वकर्मा पूजेच्या आदल्या दिवशी, अघोरनाथांची पुतणी तोर्षा वरच्या मजल्यावरून खाली आली ती रडवेली होऊन. मुलांच्या एका पूजा अंकाचं मुखपृष्ठ तिला मिळालं होतं, तिच्या आयुष्यातलं पहिलं काम. तिकडे पूजा अंकाचं वेड म्हणजे आपल्याकडच्या दिवाळी अंकाचं धरा आणि वर थोडी मोहरी फोडणीला घाला. चित्र दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत छापखान्यात पोचलं पाहिजे, नाहीतर संपादक गेल्या वर्षीच्याच चित्रकाराला बोलावणार होते. आणि तोर्षाचा लॅपटॉप इतका म्हातारा, की चित्र उघडायला सांगितलं की तो विचारात पडे आणि विचारातच झोपी जाई.

नवा घेण्याची ऐपत नव्हती. रॅम दुप्पट केली तर हाच अजून दोन वर्षं ओढेल, असा तिनं हिशेब काढला होता. लॅपटॉपच्या पाठीवरचे स्क्रू काढून तिनं आतली जुनी रॅम एका साबणाच्या डबीत घालून आणली होती. एकच खाच आहे, तेव्हा हिच्याच जातीची पण दुप्पट ताकदीची हवी, चांदनीच्या इलेक्ट्रॉनिक बाजारात वापरलेली स्वस्तात मिळेल, जुनी दिली तर आणखी थोडे कमी होतील, एवढं तिनं नीट समजावलं. ती स्वतः गेली असती, पण चित्राचा पेन्सिलीचा भाग अजून कागदावर व्हायचा होता.

“जेठू, फक्त ही डबी दुकानदाराला दाखवायची,” ती काकांना म्हणाली. “बाकी काही बोलायचं नाही.”

“पुरावा संशयिताला दाखवत नसतात,” अघोरनाथ म्हणाले आणि डबी पोल्टूच्या खिशात गेली.

वेषांतर म्हणून त्यांनी लोकरीची माकडटोपी आणि काळा चष्मा चढवला. भाद्रपदातला कोलकात्याचा उकाडा असा असतो, की उघड्या अंगाचा माणूसही स्वतःला जास्त कपडे झालेत म्हणतो. चांदनीच्या बोळात शिरेपर्यंत टोपीतून घाम ठिबकत होता, आणि वायरींच्या गुंडाळ्यांमागून दुकानदार नाडूगोपाल साहानं हाक मारली, “या घोंतूदा. टोपीत का? कान दुखतोय?”

अघोरनाथांनी हे ऐकलंच नाही. रॅम हवी आहे, असं ते हळूच म्हणाले. नाडूनं विचारलं, तिसऱ्या पिढीची की चौथ्या. अघोरनाथ म्हणाले, प्रश्न मी विचारीन. मग डोळे मिटून त्यांनी वर्णन सांगितलं: उंची बोटभर, रंग हिरवा, अंगावर काळे चौकोनी डाग, खालच्या बाजूला सोनेरी दात आणि दातांत एक फट.

नाडू म्हणाला, या वर्णनाच्या माझ्याकडे चारशे आहेत, आणि फट जरा इकडे की जरा तिकडे यावरच सगळं लग्न जुळतं. पिढी चुकली तर ती खाचेत बसायची नाही, दाबून बसवली तर खाचच मोडेल. त्यात कमी व्होल्टची की साधी हा आणखी एक घोळ. त्यानं एक महाग दाखवली तेव्हा अघोरनाथ म्हणाले, लूट. एक स्वस्त दाखवली तेव्हा म्हणाले, चोरीची. मधल्या किमतीची दाखवली तेव्हा म्हणाले, हा माणूस आपल्याला गोंधळात टाकतोय.

तेवढ्यात त्यांना पलीकडच्या दुकानात एक मिशीवाला संशयास्पद वाटला म्हणून ते खांबाआड गेले. पोल्टूनं मुकाट्यानं साबणाची डबी काढून समोर ठेवली. नाडूनं जुनीवर चिकटवलेली चिठ्ठी वाचली, खोक्यातून तिची जुळी बहीण काढली, दुप्पट ताकदीची, स्वतःच्या लॅपटॉपात घालून चालवून दाखवली, जुनी ठेवून घेतली आणि उरलेले पैसे घेऊन तिघांसाठी मातीच्या कुल्हडातला चहा मागवला. मिशीवाला आरशातले स्वतः अघोरनाथच निघाले होते, म्हणून तेही चहाला वेळेवर आले.

दिवेलागण उलटल्यावर ते घरी आले. तोर्षानं रॅम खाचेत बसवली आणि बटण दाबलं. पडदा काळाच राहिला. लॅपटॉपनं टिट-टिट-टिट केलं आणि गप्प बसला. पुन्हा काढली, पुन्हा घातली, पुन्हा तेच. तोर्षा कोपऱ्यात जाऊन बसली. तिच्याकडे आता जुनी रॅमही नव्हती, आणि उद्या विश्वकर्म्याचा, म्हणजे अवजारांच्या पूजेचा दिवस, चांदनीत कुणी पेचकसाला हात लावायचा नाही.

अघोरनाथांना मात्र तरतरी आली. मगाशी होती ती खरेदी, आता ते प्रकरण झालं होतं. पहिल्यांदा त्यांनी सिद्ध केलं, की नाडूनं अदलाबदल केली: त्यानं चहा पाजला, चहा गरम होता, माणूस फुंकर मारताना डोळे मिटतो, मिटलेल्या डोळ्यांसमोर काहीही होऊ शकतं. मग त्यांनी टिटचा अर्थ लावला. तीन टिट म्हणजे गुन्हेगार तिसऱ्या मजल्यावर. पोल्टूनं चाचरत सांगितलं, की घर दोनच मजली आहे.

“म्हणूनच तर तो सापडत नाही,” अघोरनाथ म्हणाले.

मग भिंगातून टेबल तपासताना त्यांना लॅपटॉपशेजारी गवताची दोन ताजी पाती सापडली. त्यांनी ती दिव्यापुढे धरली. घराला अंगण नाही, गल्लीत माती नाही, म्हणजे गवत आलं थेट मैदानावरून. म्हणजे गुन्हेगार फुटबॉल खेळणारा. गेल्या वर्षीचा तो चित्रकार फुटबॉल खेळतो का, असं त्यांनी तोर्षाला विचारलं. तोर्षा म्हणाली, तो सत्तर वर्षांचा आहे. अघोरनाथ म्हणाले, मग गोलकीपर असेल. पाती पाकिटात गेली आणि पाकिटावर ‘पुरावा’ असं लिहून ते टेबलावर ठेवलं गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आकाश पतंगांनी भरलेलं असताना जामाईबाबू आणि मेहुणा नाडूचा कबुलीजबाब घ्यायला निघाले. चांदनीत सगळी यंत्रं माळा घालून आराम करत होती. विश्वकर्म्याच्या मूर्तीपुढे नाडू धोतर नेसून खिचडीच्या पातेल्यापाशी उभा होता. अघोरनाथांनी बोट रोखलं. नाडूनं त्या बोटाला धरून त्यांना पंगतीत बसवलं आणि केळीचं पान मांडलं. आज यंत्र उघडणार नाही, उद्या आणा, फुकट बघतो, असं म्हणाला. बारा वाजत आले होते. पोल्टूच्या पानातली खिचडी आणि वांग्याचं भजं तसंच होतं, कारण डोळ्यांपुढे कोपऱ्यात बसलेली तोर्षा येत होती. कबुलीजबाब मिळेपर्यंत उठायचं नाही, असं ठरवून अघोरनाथ तिसऱ्यांदा वाढून घेत होते.

परतले तेव्हा दारातच तोर्षा भेटली, आणि ती हसत होती. चित्र छापखान्यात गेलं होतं, बाराला दहा मिनिटं असताना. संपादकांनी ते पाहून पुढच्या अंकाचंही काम दिलं होतं.

झालं होतं ते एवढंच. अघोरनाथांची म्हातारी आत्या, ननी पिशी, सकाळी चष्मा शोधत टेबलापाशी आली आणि पाकिटातली पाती बघून चिडली. माझी दूर्वा पाकिटात कुणी कोंबली, असं तिनं विचारलं. आदल्या संध्याकाळी दिवा लावताना तिनं घरातल्या सगळ्या यंत्रांना धान-दूर्वा वाहून आशीर्वाद दिला होता: शिलाई मशीनला, मिक्सरला, प्रेशर कुकरला. लॅपटॉप उताणा पडलेला, पोट उघडं. आजारी यंत्राला आशीर्वाद वरवर कसा द्यायचा, म्हणून तिनं तो आत, नेमका रिकाम्या खाचेवर ठेवला.

“दूर्वा ही राहिली,” पिशी म्हणाली. “पण धान कुठं गेलं?”

तोर्षानं रॅम काढली, लॅपटॉप पालथा करून थोपटला. खाचेतून भाताचा एक सालासकट दाणा टपकन पिशीच्या पदरात पडला. रॅम पुन्हा दाबली तेव्हा दोन्ही बाजूंनी खट् आवाज आला आणि म्हातारा लॅपटॉप तरुणासारखा उठून बसला. पिशीनं दाणा पुन्हा वाहिला, या वेळी झाकणावर.

त्या संध्याकाळी गल्लीच्या ओट्यावर नेहमीची मंडळी जमली. तोर्षा सगळ्यांना संदेश, ती छेन्याची बंगाली मिठाई, वाटत होती, पिशी मोड्यावर, म्हणजे वेताच्या स्टुलावर, बसली होती, आणि कुणीतरी विचारलं, मुखपृष्ठ वेळेवर गेलं कसं. अघोरनाथांनी घसा साफ केला.

त्यांनी सांगितलं, की दूर्वा पाहताक्षणी आपल्याला धान कळलं होतं, पण गुन्हेगार सावध होऊ नये म्हणून मैदानाची अफवा पसरवली. साडेअकराला आपण एकटेच टेबलापाशी होतो. श्वास रोखला. लॅपटॉपला कान लावला. दाण्याचा आवाज येत होता. तो गोबिंदभोग तांदळाचा आहे हेही आवाजावरून ओळखलं, आणि चिमट्यानं अलगद बाहेर काढला. तोर्षानं पिशीकडे पाहिलं. पिशीनं तोंडात संदेश टाकला आणि कौतुकानं मान हलवली. भाचा गोष्ट छान रंगवतो, असं तिचं पहिल्यापासूनचं मत होतं. मंडळी पुढे सरकली.

“तुमचा साहाय्यक कुठं होता त्या वेळी?” एकानं विचारलं.

“पोल्टू?” अघोरनाथ खिन्नपणे हसले. “घरात मुलीच्या पहिल्या कामावर पाणी पडत होतं, आणि हा गृहस्थ चांदनीत पंगतीला बसून खिचडी खात होता. एकटाच.”

पोल्टूनं हातातला कुल्हड खाली ठेवला.

“एकटाच होतो ना जामाईबाबू,” तो म्हणाला, “मग माझ्या पानातलं वांग्याचं भजं कुणी उचललं?”