सरांना शपथेचं वावडं

आमच्या बेंबळी गावात लोकांची नशा सोडवणारे एक पाटोळे सर आहेत. त्यांच्या खोलीत कुणी दारुड्या "आई तुळजाभवानीची शपथ, आजपासून..." म्हणायला लागला, की सर उठून त्याच्या तोंडावर हात ठेवतात. एकदा एक जण कडकडून चावला. सर बोटाला चिंधी बांधत म्हणाले, "चाव बाबा, पण शपथ घिऊ नको."

त्यांची खोली माझ्या भिंतीला लागून, त्यामुळं मला सगळं ऐकू येतं. आलेल्या माणसाला पहिला प्रश्न, "जेवलास का?" दुसरा, "पिल्यावर बरं काय वाटतं रं तुला?" बाहेर आल्यावर त्या दारुड्यांच्या बायका माझ्या ओट्यावर बसून बोटं मोडतात. "आक्का, ह्यो माणूस सोडवाया बसलाय का पाजाया?"

मीही तेच म्हणायचे. आमच्याकडची रीत म्हणजे देवीपुढं उभं करायचं, शपथ घालायची, मोडली तर दार लावून घ्यायचं.

माझ्या लेकाला, दत्ताला, मी तसंच केलं. चाळिशीचा घोडा, तुळजापूरला नेऊन त्याचा हात माझ्या डोक्यावर ठेवला. म्हटलं, "आता पिलास तर माझं मढं बघशील." आठ दिवस टिकला. नवव्या दिवशी प्याला आणि घरी आलाच नाही. तेर गावच्या एसटी स्टँडवर पडलेला असतो, असं महिन्यानं कळलं. मी म्हटलं, तिथंच मरू दे.

सर म्हणाले, "आक्का, दारू हाय तशीच हाय, घर तेवढं सुटलं त्येचं. तुमी मेल्या असताल ह्या भ्यानं त्यो येत न्हाय."

"मला काय धाड भरलीया?"

"मग जाऊन दावा त्येला. अन् शपथ सुटली म्हणा. ज्यानं घातली त्यानंच सोडावी लागती."

दोन एसट्या बदलून मी तेरला गेले. दत्ता बाकाखाली होता, कपडे घाण झालेले. मला बघून भूत दिसल्यासारखा दचकला.

"जिती हाय," मी म्हटलं. "सुटली शपथ. ऊठ, भाकरी खायला चल."

तो रडला. मी नाही रडले. आला माझ्याबरोबर. दारू अजून पितो, खोटं कशाला सांगू. पण घरी जेवतो, आणि मंगळवारी सरांपुढं जाऊन बसतो.

परवा दुपारी सरांकडं वाटीभर पिठलं घेऊन गेले. भिंतीवर एका तरण्या माणसाचा फोटो, हार घातलेला. कोण म्हणून विचारलं.

"धाकटा भाऊ. म्याच माझ्या गळ्याची शपथ घातली व्हती. मोडली, मग मला तोंडच दावलं न्हाय. गावला तवा हिरीच्या पाण्यात व्हता."

"मग आता सुटली म्हणा की."

"रोज म्हणतो, आक्का. ऐकाया कोण हाय?"

टेबलावर त्यांचा डबा होता, सकाळपासून न उघडलेला.

"जेवलात का?" मी विचारलं.

सरांनी मान हलवून नाही म्हटलं. दिवसभर दुसऱ्यांना हे विचारणारा माणूस, पण त्यांना कुणी विचारल्याचं भिंतीपलीकडून मी कधी ऐकलं नव्हतं.

मी पिठल्याची वाटी परत उचलली. म्हटलं, "उठा. घरी दत्ता जेवायचा खोळंबलाय."