नागपंचमीच्या बावीस खुंट्या

मातीचा कण न् कण ही राष्ट्राची ठेव आहे आणि ती सांभाळणारा सेवक सीमेवरच्या शिपायाइतकाच मोलाचा आहे, असं शेतकी खात्याच्या पत्रकात छापलेलं होतं. उद्धवराव असे शिपाई तीन वर्षं होते, हंगामी. त्या पत्रकात त्यांनी आज भाकरी बांधून आणली होती.

आज त्यांना कायम व्हायचं होतं. बारा वाजता यशवंतराव साहेब पुण्याहून जीपने येणार, चाकणच्या वरच्या अंगाला तात्याबाच्या रानात केलेली बांधाची आखणी तपासणार आणि शेरा मारणार. पाण्याबरोबर माती वाहून जाऊ नये म्हणून बांध उताराला आडवा आणि टोकापासून टोकापर्यंत एका पातळीत हवा, असा कायदाच होता. पातळी मोजायची दुर्बीण लावून उद्धवरावांनी काल बावीस खुंट्या ठोकल्या होत्या. दुर्बीण तालुक्याला एकच. ती संध्याकाळीच खेडला परत गेली होती.

दहाला ते पोचले, तर रान साफ. खुंट्या बाभळीखाली सरपणासारख्या रचलेल्या.

"तात्याबा! हे कुणी केलं?"

"कारभारणीनं. आज नागपंचमी न्हवं का?"

कुशाबाई लाह्यांचं ताट सावरत पुढं आल्या. "जमिनीच्या पोटात बावीस खुटं! नागाच्या डोस्क्यात बसलं म्हंजी? आज इळीवर भाजीबी चिरत न्हाई आमी."

"मावशी, सरकारी खुंट्या आहेत त्या!"

"मग सरकारी नागाला ठोका."

उद्धवरावांनी मोगरी उचलली. तात्याबानं ती शांतपणे काढून घेतली. "रावसाहेब, उद्या हजार ठोका. आज न्हाई."

"उद्या मी घरी बसलेला असेन हो! पिंपरीत खोली बघून ठेवलीय. कायम झालो तर कुटुंबाला आणायचंय." 

कुशाबाई विरघळल्या. "रवायची न्हाईत म्हनलं मी. हातात धरायला कुनाची ना हाय?"

वारुळाकडे निघालेल्या बायका नव्या लुगड्यांसकट शेतात वळवण्यात आल्या. प्रत्येकीच्या हाती एकेक खुंटी. पण उभं कुठं राहायचं? कालची ओळ उद्धवरावांना काही केल्या आठवेना. शेवटी तात्याबा पुढं झाला. "तीन सालामागं वढा तुंबला तवा पानी रानात उभं व्हतं. त्याची कड मला पाठ हाय." तो चालत गेला आणि एकेकीला उभी करत गेला.

तात्याबा धरून एकवीस जागा भरल्या. बाविसावं माणूस मिळेना. तात्याबाशी चार वर्षं अबोला धरलेला भाऊबंद गेनबा कडेला उभा राहून मजा बघत होता.

"गेनबा, धर की रं एक," शालनबाई पहिल्या जागेवरून ओरडल्या.

"तात्यानं बोलवावं मग."

तात्याबा आभाळाला म्हणाला, "कुनी येत आसंल तर यावं."

गेनबा आला. लगेच जीपही आली.

"हे काय?" साहेबांनी विचारलं.

"श्रमदान, साहेब," उद्धवराव म्हणाले. त्यांच्या सदऱ्याची पाठ भिजली होती.

साहेबांनी स्वतःची दुर्बीण लावली. शिपाई मापाची पट्टी घेऊन एकेकीच्या पायाशी धरत निघाला. कुणी हलेना. शालनबाईंनी शिंक गिळली. सोळा, सतरा, अठरा... साहेबांच्या कपाळावर आठी चढली. गेनबापर्यंत माप झालं, तेव्हा त्यांनी मान वर केली.

"अर्ध्या इंचाचा फरक नाही, उद्धवराव! दुर्बिणीवर असा हात मी पाहिला नाही. उद्याच तुमचे कागद पाठवतो."

जीप धुरळ्याविना, चिखल उडवत गेली. बायका वारुळाकडे निघाल्या. उद्धवराव बाभळीखाली मटकन बसले आणि एकदम दचकून उठले. "मावशी, उद्या खुंट्या ठोकायच्या कुठं?"

"भोकं हायती की कालची. नागाची बिळं म्हनून येकेकात लाह्या टाकल्यात."

"हे सकाळी का नाही सांगितलंत?"

"इचारलं कुनी?"

रान मोकळं झाल्यावर लाह्या टिपायला चिमण्या उतरल्या होत्या, बावीस ठिकाणी, अगदी ओळीनं. पहिल्या चिमण्या शालनबाईंच्या जागेवर. ओळ तिथून निघून उतारावरून खाली खालीच गेली होती. शेवटचं भोक ओढ्याच्या काठाला होतं, गेनबा उभा होता तिथून तीस पावलं खाली.