मुलुंडला विमान जात नाही

दिंडोशीला आमच्या समोरच्या दारात परबकाका राहायचे. एकटेच. त्यांना 'जरा बाहेरगावी चाललोय' असं सांगायची सोय नव्हती. चष्मा कपाळावर चढवून लगेच विचारायचे, "हवेतून की जमिनीवरून?"

म्हणजे अंतर. कुठल्याही दोन विमानतळांमधलं अंतर आणि विमानाला लागणारा वेळ त्यांना पाठ होता. "नागपूर? जेमतेम सातशे किलोमीटर. दीड तास. डोळा लागतोय तोवर उतरायचं!" स्वतः विमानात एकदाच बसले होते, ऑफिसच्या कामाने, गोव्याहून येताना. कॅप्टनने सांगितलेल्या वेळेपेक्षा पंधरा मिनिटं जास्त लागली, म्हणून उतरताना त्यांनी दारातच हवाईसुंदरीला धरलं. "मुंबईवर घिरट्या घातल्या, त्या कुणाच्या खात्यात?" मागे अख्खं विमान खोळंबलं.

काकांच्या हिशेबात कुठलंच गाव लांब नव्हतं. वरच्या देशपांडेबाईंचा मुलगा दिल्लीला गेला तेव्हा बाई जिन्यातच रडायला लागल्या. काका म्हणाले, "अहो, दोन तासांवर आहे तो! शुक्रवारी संध्याकाळी तेवढ्या वेळात रिक्षाने घाटकोपर गाठून दाखवा." बाई रडायच्या थांबल्या आणि भांडायला लागल्या.

आमची सई नोकरीसाठी कोचीला गेली, तेव्हा माझी बायको नीता धड जेवेना. काका येऊन बसले.

"कोची म्हणजे दोन तास गं. तू इथे वाटण वाटायला घे. आमटी, भात, सोलकढी होईस्तोवर पोरगी मुंबईत."

"आणि एअरपोर्टवरून दिंडोशीला यायचं?"

"ते जमिनीवरचं. ते खातं माझ्याकडे नाही."

नीता हसली. जेवलीही.

मग सासूबाईंना मुलुंडला एकटं राहवेना, म्हणून आम्हीच त्यांच्याकडे राहायला जायचं ठरलं. काकांना सांगितलं. मला वाटलं, आता काहीतरी झकास ऐकायला मिळणार.

"मुलुंड?" काका म्हणाले. "लांब आहे रे."

"लांब कसलं काका! मधला डोंगर सोडला तर पलीकडेच."

"डोंगर कसा सोडशील? बिबटे आहेत त्यात." आणि त्यांनी दार लावून घेतलं.

सामान हलवायच्या दिवशी मात्र सकाळपासून खाली उभे. टेम्पोवाल्याने तुळस आडवी ठेवली, म्हणून त्याच्याशी कडाडून भांडले. टेम्पो सुरू झाल्यावर निरोप घ्यायला वळलो, तर काका वर निघून गेले होते.

पहिल्याच रविवारी बेल वाजली. दोन बस बदलून आलेले काका दारात. शर्ट घामाने चिंब, पिशवीत बर्फात घातलेली सुरमई.

"अहो, मुलुंडला मासे मिळत नाहीत का?" नीता म्हणाली.

"मिळतात गं. पण इथली कोळीण माझ्या ओळखीची नाही ना."

पोटभर जेवले, सासूबाईंना चार विमानतळ ऐकवले आणि दिवाणावर आडवे झाले ते गाढ झोपले. दिवेलागणीला मी हलवून उठवलं. "काका, निघायचंय ना? नंतर बसला गर्दी होईल."

काका उठून बसले. पायाने चाचपत चपला ओढल्या. एक पायात घातली, दुसरी घालायचे थांबले.

"आजची रात्र इथेच राहिलो तर चालेल का रे?" खाली बघतच त्यांनी विचारलं.

मी काही बोलायच्या आत स्वयंपाकघरातून नीताचा आवाज आला, "काका, तुमच्या वाटणीचे तांदूळ मी मघाशीच धुतलेत."