फळ्यावरचं नाव

परतीच्या बोटीवर जेवणघराच्या दाराशी फळा टांगायची काहीच गरज नव्हती, पण हवामानवाल्याने तो टांगलाच. बर्फावरच्या ज्या संशोधन तळावर तो हवामानाच्या नोंदी ठेवायचा, तिथे तसा नियम होता. बाहेर पडताना आपलं नाव, कुठे जातो, किती वाजता येतो ते लिहायचं आणि आल्यावर पुसायचं. वेळ टळून दहा मिनिटं झाली की बाकीच्यांनी शोधायला निघायचं. चौदा महिन्यांची ही सवय. लोकांनी त्याची यथेच्छ थट्टा केली, तरी हा पठ्ठ्या आंघोळीला जातानाही लिहून जायचा. आई गेल्यापासून घरी त्याला उशीर झाला म्हणून रागावणारं कोणी उरलं नव्हतं.

एका दुपारी त्याने लिहिलं, ‘डेकवर. तीनला परत.’ डेकवर वाऱ्याने कान बधिर झाले, म्हणून तो कपडे वाळवायच्या खोलीत शिरला आणि ऊबदार टॉवेलांच्या ढिगात गाढ झोपला.

तीन वाजून दहा मिनिटांनी आचाऱ्याची नजर फळ्यावर गेली. तोही तळावरचाच माणूस. हातातला झारा टाकून पळत सुटला. घंटा झाली. माणूस समुद्रात पडला असं समजून कप्तानाने बोट उलटी फिरवली. डॉक्टरने ब्लँकेटं काढली. चुलीवरचं जेवण करपलं.

आरडाओरड्याने हवामानवाला जागा झाला. खरं तर त्याने तडक बाहेर यायला हवं होतं. पण इतक्या माणसांनी एकदम त्याला कधी हाका मारल्याच नव्हत्या. तो टॉवेलांवर मांडी घालून दहा मिनिटं नुसता ऐकत बसला. शेवटी टॉवेल न्यायला आलेल्या आचाऱ्याला तो सापडला.

“कधी उठलास?”

“आत्ताच.”

आचाऱ्याने त्याला नीट न्याहाळलं. “जेवण करपलंय. तळाचं सगळं तुला वाढणार.”

कप्तानाने सर्वांदेखत त्याची हजेरी घेतली. त्या फेऱ्यात भरतीची वेळ हुकली आणि बोट सहा तास उशिरा बंदराला लागली. धक्क्यावर ज्याचे त्याचे नातेवाईक उभे होते. चुली आवरायला मागे राहिलेला आचारी सोडला तर हवामानवाला सगळ्यांत शेवटी उतरला आणि उतरण्यापूर्वी सवयीने फळ्यावर लिहून गेला, ‘घरी. सहाला पोचेन.’

घरात सगळीकडे धूळ होती. तो बूट न काढताच पलंगावर बसला. सहा वाजून दहा मिनिटांनी खिशातला फोन वाजला.

“दहा मिनिटं होऊन गेली,” आचारी म्हणाला. “पोचलास का?”

हवामानवाल्याने त्या रिकाम्या खोलीकडे पाहिलं.

“नाही अजून. वाटेतच आहे.”

“बरं,” आचारी म्हणाला. “दहा मिनिटांनी परत करतो.”